कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवरची प्लॉट योजना आणि माझे ५,८८,५०० रुपये

जिल्हा परिषद, नगरपरिषद, ग्रामपंचायत, कुठेही नोकरीला असा, तुमच्या फोनमध्ये असा एक तरी ग्रुप असणारच. महागाई भत्त्याचा जीआर निघाला की तासाभरात तिथे येतो. बदल्यांचं वेळापत्रक, सेवाज्येष्ठता यादी, वैद्यकीय प्रतिपूर्तीचा नमुना, रजा रोखीकरण, १०-२०-३० वर्षांच्या सेवेनंतर मिळणारा वरच्या वेतनाचा लाभ, सगळं तिथे मिळतं. मी पंचायत समितीत वरिष्ठ सहाय्यक आहे. अशाच एका ग्रुपच्या माणसांनी माझे पाच लाख अठ्ठ्याऐंशी हजार पाचशे रुपये घेतले आणि आजपर्यंत त्यातला एक रुपया परत आलेला नाही. आमच्या तालुक्यात माझ्यासारखे आणखी बरेच आहेत. नाव पुढे येईल म्हणून कुणी बोलत नाही. मला आता तेवढी भीड उरलेली नाही.

लोक म्हणतात, शिकला-सवरलेला माणूस असा कसा फसतो? त्यांना एवढंच सांगतो की प्लॉट विकायला काढेपर्यंत या लोकांनी ग्रुपवर एकही खोटी बातमी टाकली नाही. दोन-अडीच वर्षं खरीच माहिती दिली, तीही फुकट. माझी वेतननिश्चिती चुकली होती, ती ग्रुपच्या ॲडमिनने सांगितलेल्या जीआरमुळे दुरुस्त झाली. रक्तदान शिबिरं घेतली. गुणवंत पाल्यांचा सत्कार ठेवला, त्यात माझ्या मुलीला दहावीला ट्रॉफी आणि दप्तर मिळालं, गटविकास अधिकाऱ्यांच्या हस्ते. कार्यक्रमाच्या मंचावर एक निवृत्त विस्तार अधिकारी बसायचे. त्यांच्या हाताखाली मी काम केलंय. त्यांच्या सहीची टिपणी मी डोळे झाकून पुढे पाठवायचो. प्लॉट विकणारा हा माणूस परका नव्हता, हे आधी समजून घ्या, मग मला शहाणपण शिकवा.

मार्च २०२३ चा जुन्या पेन्शनचा संप आठवत असेल. १४ तारखेला सुरू झाला, २० तारखेला मागे घेतला. त्या आठवड्यात ग्रुप तुडुंब भरला. मी १ नोव्हेंबर २००५ नंतरचा, म्हणजे डीसीपीएसवाला, जुनी पेन्शन नसलेला. निवृत्तीनंतर हातात काय पडेल याची धास्ती आमच्या पोटात कायमचीच. लगेच २२ मार्चला गुढीपाडवा होता. पाडव्याच्या सकाळी ग्रुपवर मेसेज आला : फक्त स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी, नियोजित सहकारी गृहनिर्माण संस्था, तालुक्याच्या गावापासून चार किलोमीटरवर १,५०० चौरस फुटांचे प्लॉट, ४९० रुपये फूट. एकूण ७,३५,०००. खाली राजमुद्रा असलेलं पत्र, संदर्भ म्हणून एक शासन निर्णय, ‘कर्मचाऱ्यांच्या गृहनिर्माण संस्थांना प्राधान्याने जमीन’ असा विषय. पेन्शन मिळो न मिळो, डोक्यावर आपलं छप्पर हवं, हेच त्या वेळी प्रत्येकाच्या मनात होतं आणि त्यांनी नेमकी तीच वेळ साधली.

पैसे कसे गेले ते लिहून ठेवतो. ५१,००० बुकिंग, साइटवरच्या मंडपात, रोख. १,५०,००० चा चेक, त्यावर नावाची जागा कोरी ठेवायला लावली, ‘आम्ही शिक्का मारतो’ म्हणाले. २,४०,००० आरटीजीएस. ८५,००० ‘रस्ते, वीज, पाणी विकास खर्च’. शेवटी ६२,५०० मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि वकील फी म्हणून. यातले ३,००,००० पतसंस्थेचं कर्ज, ज्याचा ६,५२५ चा हप्ता आजही पगारातून कापला जातो. २,००,००० बायकोची मुदत ठेव मोडून. उरलेले ८८,५०० माझ्या पगाराच्या फरकाच्या रकमेतले आणि घरातले.

आता त्या २,४०,००० बद्दल. बँकेत आरटीजीएसची स्लिप भरत होतो. लाभार्थ्याचं नाव त्यांनी फोनवर पाठवलं होतं, ते बघून लिहिलं. काउंटरवरच्या मॅडमनी स्लिप वाचली आणि विचारलं, “हे ट्रेडर्सचं खातं आहे ना? तुम्ही कारण प्लॉट लिहिलंय.” मी स्लिप परत घेतली. खरंच, नाव संस्थेचं नव्हतंच. कुठल्यातरी ट्रेडर्सचं चालू खातं, आणि शाखा दुसऱ्याच जिल्ह्यातली. मी बाजूला होऊन फोन लावला. ॲडमिन म्हणाला, “सर, संस्थेचं खातं उपनिबंधक साहेबांच्या सहीसाठी अडकलंय. तोवर हे तात्पुरतं. साहेबांशी बोलून घ्या ना.” आणि त्याने फोन त्या निवृत्त विस्तार अधिकाऱ्यांना दिला. ते म्हणाले, “अरे, मीसुद्धा त्याच खात्यात भरलेत. तू आपला माणूस, तुला कोपऱ्याचा प्लॉट ठेवलाय.” मी स्लिप परत मॅडमच्या हातात दिली.

तो एक मिनिट माझ्या डोक्यातून जात नाही. नियोजित संस्था असली तरी मुख्य प्रवर्तकाला, म्हणजे ती उभी करणाऱ्याला, आधी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडून नाव आरक्षित करून घ्यावं लागतं आणि खातं उघडायची परवानगी मिळवून सभासदांचे पैसे त्याच खात्यात ठेवावे लागतात. ‘तात्पुरतं खातं’ असा प्रकार सहकार कायद्यात नाही. पण हे मला नंतर वकिलांकडून कळलं. मी सहकार खात्यात नाही, ग्रामपंचायत विभागात आहे. आणि मी डोळे मिटून पैसे भरले नाहीत, काउंटरवरून फोन करून विचारलं, ते माझ्या साहेबांच्या तोंडून ऐकलं. याहून जास्त खात्री माणूस करतो कशी?

जीआरचंही असंच. खऱ्या जीआरच्या शेवटच्या परिच्छेदात अठरा अंकी संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. त्यांच्या पत्रात निर्णयाची तारीख २०२२ ची आणि संकेतांक २०१७ ने सुरू होणारा. शासनाच्या संकेतस्थळावर तो टाकला तर भलत्याच खात्याचा निर्णय उघडतो. हे करायला दोन मिनिटं लागतात. ग्रुपवर आलेल्या कुठल्याही जीआरचा संकेतांक आधी टाका, मग पुढचं वाचा.

जमिनीचं सांगतो. प्लॉट पाडले होते, चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, दगड रोवले होते, माझ्या दगडावर लाल रंगात ३७ आकडा होता. सातबारा मागितला की झेरॉक्स दाखवायचे आणि परत घ्यायचे. रजिस्ट्रीच्या तारखा पुढे पुढे जायला लागल्या तेव्हा मी शासनाच्या महाभूमी संकेतस्थळावरून १५ रुपये भरून डिजिटल सातबारा काढला. जमीन भोगवटादार वर्ग २ ची. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकताच येत नाही. संस्थेचं नाव कुठेच नाही, ना कब्जेदारात, ना इतर हक्कांत. मूळ शेतकऱ्याला भेटलो. तो म्हणाला, एक लाख विसार दिला होता, त्यानंतर कुणी फिरकलं नाही. बिगरशेतीचा आदेश तर नव्हताच. लोकांना आम्ही कार्यालयात रोज ज्या कागदाशिवाय परत पाठवतो, तोच कागद.

रेराबद्दल, म्हणजे घर-प्लॉट विक्रीच्या कायद्याखालच्या नोंदणीबद्दल विचारलं होतं, त्यावर उत्तर होतं, “संस्था सभासदांसाठी आहे, रेरा लागत नाही.” साफ खोटं. कायद्यातल्या प्रवर्तकाच्या व्याख्येत सहकारी गृहनिर्माण संस्थाही येते. जमीन ५०० चौरस मीटरच्या वर असेल तर प्लॉट योजनेलाही महारेराचा नोंदणी क्रमांक लागतो. आणि नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांवर रक्कम घेताच येत नाही. माझ्या बाबतीत ती मर्यादा ७३,५०० होते, त्यांनी नुसत्या किमतीपोटी ४,४१,००० घेतले. मुद्रांक शुल्कही कुणाच्या हातात द्यायचं नसतं. शासनाच्या ग्रास पोर्टलवर स्वतःच्या नावाने ई-चलन काढून आपणच भरायचं असतं. ६२,५०० मागणारा माणूस त्याच क्षणी चोर समजावा.

आता तक्रारीची कथा, आणि हिचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

पोलीस ठाण्यात गेलो. अंमलदार म्हणाले, “साहेब, हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.” अर्ज घ्यायलाही तयार नाहीत. कशीबशी आवक शिक्क्याची पोच मिळाली. नंतर दुसरे साहेब आले, त्यांनी विचारलं की घटना १ जुलै २०२४ च्या आधीची, मग कलम जुनं लावायचं की नवं, ते आधी बघू. यात बघायचं काय? गुन्हा जुन्या तारखेचा म्हणजे भारतीय दंड संहितेचं ४२० आणि ४०६, हे मला एका वकिलाने चहा पिता पिता सांगितलं. पोलीस ठाण्यात मात्र महिनोन्‌महिने ‘अभिप्राय मागवलाय’. आर्थिक गुन्हे शाखेत गेलो तर म्हणे एकट्याची रक्कम लहान, सगळे मिळून या. सगळे मिळून या म्हणायला काय जातं? लोक पुढे येत नाहीत तीच तर अडचण आहे!

उपनिबंधक कार्यालय म्हणतं संस्था नोंदलेलीच नाही, आमचा संबंध नाही. म्हणजे नोंदवून फसवलं तर तुमचा संबंध, न नोंदवता फसवलं तर कुणाचाच नाही? बँक म्हणते त्या खात्याची माहिती कोर्टाच्या आदेशाशिवाय किंवा पोलिसांच्या पत्राशिवाय देणार नाही. पोलीस म्हणतात गुन्हा दाखल झाल्याशिवाय बँकेला पत्र देता येत नाही. गुन्हा का दाखल होत नाही, तर पैसे शेवटी कुणाकडे गेले ते स्पष्ट नाही. हे वर्तुळ मी दोन्ही टोकांच्या साहेबांना कागदावर काढून दाखवलं. दोघांनीही मान हलवली आणि दोघांनीही काही केलं नाही.

आणि माझं स्वतःचं कार्यालय! तक्रारीची प्रत माहितीसाठी दिली, तर मदत राहिली बाजूला, मलाच पत्र आलं. जिल्हा सेवा वर्तणूक नियम १९६७ प्रमाणे स्थावर मालमत्तेच्या व्यवहाराची पूर्वकल्पना दिली होती का, खुलासा करा. ज्या सत्काराच्या मंचावर आमचे साहेब हार घालून बसले होते, त्या मंचाचा खुलासा कुणी मागितला नाही.

इथेच या टोळीची खरी ताकद आहे. मी पैसे परत मागायला लागलो तेव्हा ॲडमिनने मला हेच ऐकवलं होतं, “सर, ऑफिसात विषय नेऊ नका, परवानगी नव्हती तुमची, उगाच खातेनिहाय चौकशी लागेल.” त्यांना आपले नियम आपल्यापेक्षा पाठ आहेत. सरकारी माणूस चौकशीला घाबरतो आणि गप्प बसतो, या हिशेबावर सगळा धंदा उभा आहे. म्हणून बुकिंगआधीच कार्यालयाला लेखी कळवा. ‘वहिनींच्या नावावर घ्या, म्हणजे कळवायला नको’ असं कुणी सुचवलं तर तिथूनच उठा.

तो ग्रुप बंद झालेला नाही. नाव बदललंय, आता आठव्या वेतन आयोगाच्या बातम्या येतात आणि शेजारच्या तालुक्यात दुसरा टप्पा सुरू आहे. मी इशारा टाकला, मिनिटाभरात डिलीट करून मला काढून टाकलं. ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता येत असेल तर तिथे पैशाचा एकही विषय मनावर घेऊ नका. आणि वेतन आयोगाचा पगार काढून देणारी एपीके फाइल कुणीही पाठवली, अगदी तुमच्या साहेबांच्या नंबरवरून आली, तरी उघडू नका. ती वेगळ्या चोरांची, तिने खातं रिकामं होतं. तसं झालं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. आमच्यासारख्या प्रकरणात १९३० वर काही होत नाही, मी करून बघितलंय.

ज्यांच्याकडे या किंवा अशाच योजनेच्या पावत्या आहेत त्यांना सांगतो. ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४) त्यात लिहा. तरीही हलले नाहीत तर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा, त्याला शपथपत्र लागतं. मी तिथपर्यंत पोचलोय, माझा अर्ज दाखल आहे. मंडपातले फोटो, ग्रुपवरचे मेसेज तारखेसकट जपा, फोन बदलू नका. ‘पुढच्या महिन्यात देतो’ म्हणून दिलेल्या चेकवर विसंबून तक्रार मागे घेऊ नका. आमच्यातल्या एकाने ती मागे घेतली, चेक न वटता परत आला. आणि मूळ पावत्या कुणालाही तोंडी मागणीवर देऊ नका. ठाण्यात झेरॉक्स द्या, मूळ प्रती मागितल्या तर जप्ती पंचनाम्यातच द्या आणि त्याची प्रत सहीशिक्क्यासह घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.