डिमेन्शियाची घरगुती सेवा: मृगापासून शिमग्यापर्यंतच्या वापरानंतर

डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्या घरच्या माणसासाठी मालवणकडचं जुनं घर, आळीपाळीने येणाऱ्या त्याच दोन मदतनीस बायका आणि पूर्वीचाच दिनक्रम, अशी ही व्यवस्था. नेदरलँड्समधलं होगेवेक हे अशा रुग्णांचं अख्खं वसतिगाव २००९ पासून याच विचारावर चालतं: एका घरात सहा-सात जण, स्वयंपाकही घरातच. आपल्याकडे घर आयतं असतं, माणसं टिकवणं कठीण.

सगळा खेळ त्या दोन चेहऱ्यांचाच. चेहरा बदलला की आंघोळीला नकार. त्यामुळे बदली आलीच तर नवी बाई चार दिवस जुनीसोबत हवी. मालवणी येणारीच ठेवा. आजार वाढतो तशी नंतर शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी निसटते. ‘आवस खंय?’ (आई कुठे?) विचारलं तर ‘ती गेली’ सांगू नका, दुःख दर वेळी नवं होतं. ‘आवशीची आठवण येता काय?’ म्हणा आणि बोलू द्या.

आंघोळ शॉवरने नको. तांब्याने आधी पाय, मग खांदे, डोकं शेवटी, तेही आठवड्यातून एकदाच. पांढऱ्या ताटातला भात दिसत नाही म्हणून राहतो. केळीच्या पानावर तोच संपतो. बांगडा बंद, काटा काढलेली सुरमई चालते. हाताला काम म्हणून काळे वाटाणे निवडायला किंवा अबोलीचे वळेसर (गजरे) करायला द्या. निवडलेले वाटाणे पुन्हा दिले तरी चालतात, फक्त समोर मिसळू नका! काजूबिया मात्र नकोत, टरफलातलं तेल भाजतं.

पावसाळ्यात तीनलाच अंधारतं आणि ‘घरी जायचंय’ सुरू होतं. दिवे त्याआधी लावा, न्हाणीच्या वाटेवरचे इन्व्हर्टरवर. काळं पायपुसणं खड्ड्यासारखं दिसतं, पाऊल अडतं. काढून टाका. कॅमेऱ्याचे पैसे वाया गेले, कारण वीज गेली की नेटही जातं. मागच्या दाराला बांधलेले घुंगरू मात्र नऊ महिने चुकले नाहीत. विहिरीला कुलपाची जाळी हवीच.

एका दिवसात गोंधळ वाढला तर आजार बळावला असं धरू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, कमी पाणी असं दुसरं काही कारण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

खरी परीक्षा चतुर्थीला. दोघी बायका आपापल्या घरी, इकडे चाकरमान्यांनी घर भरलेलं. सुट्ट्यांची वाटणी श्रावणातच करा. आणि ‘माका वळाखलंस काय?’ या प्रश्नाला घरात बंदी. येणाऱ्याने आधी स्वतःचं नाव सांगायचं, मग शेजारी बसायचं.