समर रिसर्च ट्रेनिंगच्या नावाखाली लेकीची फसवणूक

माझी लेक सांगलीत बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मार्चअखेर त्यांच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पोस्टर फिरलं. मे-जूनमध्ये पुण्याच्या एका नामांकित संशोधन संस्थेत मेडिकल आणि सायन्सच्या मुलांसाठी ट्रेनिंग, पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती बनवायचं तंत्र) स्वतःच्या हाताने करायला मिळणार, वर रिसर्च पेपरवर नाव. लहान शहरातल्या कॉलेजात पीसीआरचं मशीन पुस्तकातल्या चित्रातच दिसतं. पोरीला हरखून जायला तेवढं पुरेसं होतं.

फोनवर पाच मिनिटांची मुलाखत झाली आणि त्याच संध्याकाळी निवडपत्र आलं. वर तीन सिंहांची राजमुद्रा, संस्थेचा लोगो, खाली निळा गोल शिक्का. तो शिक्का चारही पानांवर अगदी त्याच जागी, त्याच कोनात होता. हाताने मारलेला शिक्का असा कधी उमटत नाही. मेल जीमेलवरून आलेला, आणि क्यूआर कोड स्कॅन केला की एका खासगी माणसाचं नाव दिसायचं. विचारलं तर म्हणे, "ते आमच्या अकाउंट्सच्या सरांचं खातं आहे."

सीट कन्फर्म करायचे १२,००० घेतले, मग होस्टेल डिपॉझिटचे ६,५००. जायच्या आदल्या दिवशी निरोप आला, "पहिला आठवडा ऑनलाइन." आम्ही थेट पुण्याला गेलो. गेटवरच्या सिक्युरिटीने रजिस्टर चाळलं आणि आत फोन लावला. ऑफिसमधल्या मॅडम बाहेर आल्या, पत्र पाहून म्हणाल्या, "असा कार्यक्रम आमच्याकडे नाहीच. हे पत्र घेऊन येणारी तुमची मुलगी पहिली नाही." त्यांनी ते लेखी दिलं, तक्रारीला फार उपयोगी पडलं. तिकडे त्या ट्रेनिंगवाल्यांनी आमचा नंबर ब्लॉक केला होता.

माझा सगळ्यात जास्त राग या वेळेच्या हिशोबावर आहे. देशातल्या तीन विज्ञान अकादमी, म्हणजे बंगळुरूची, दिल्लीची आणि प्रयागराजची, मिळून उन्हाळी फेलोशिप देतात. तिचे अर्ज साधारण नोव्हेंबरात बंद होतात. मार्चपर्यंत अशी खरी दारं बहुतेक मिटलेली असतात, आणि हे लोक नेमके तेव्हा जाळं टाकतात. शिवाय त्या फेलोशिपमध्ये विद्यार्थ्यालाच स्टायपेंड मिळतो. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या व्हीएसआरपी या उन्हाळी कार्यक्रमातही तसंच. एमबीबीएस-बीडीएसच्या मुलांसाठी आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची एसटीएस ही विद्यार्थी संशोधन योजना तर १९७९ पासून चालू आहे: आपल्याच कॉलेजातला गाइड, दोन महिन्यांचा प्रकल्प, आणि अहवाल मंजूर झाला की पैसे मुलाच्या खात्यात. सीट राखायला हजारो रुपये मागतात तिथेच थांबा. निवडपत्र कॉलेजच्या एचओडींना दाखवा आणि संस्थेच्या अधिकृत वेबसाइटवरचा लँडलाइन स्वतः शोधून फोन करा. पत्रावर छापलेला नंबर लावू नका, तो त्यांचाच असतो.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केल्यावर दुसरा हप्ता त्यांच्या खात्यात गोठवला गेला, पहिला आधीच काढून घेतला होता. सायबर पोलिसांनी आधी यूटीआर नंबर, म्हणजे पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा क्रमांक, मागितला. तुमच्याकडेही असंच घडलं असेल तर रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉट आणि ते पत्र जपून ठेवा आणि आजच फोन लावा, उद्यापर्यंत पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतील.