पहिला असेंबल्ड पीसी, ३२ जीबी डीडीआर५ आणि एक खराब स्टिक: गणपतीपासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगते. रायझन ५ ७६०० (एएमडीचा प्रोसेसर), बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि डीडीआर५ रॅमच्या १६-१६ जीबीच्या दोन स्टिक (स्पीड ६०००, प्रतिसादाची वेळ सीएल३०) हा जोड आज सुरळीत चालतोय आणि फोटोच्या कामासाठी मी तो कोणालाही सुचवेन. पण मधले काही आठवडे गेले ते रॅमपायी. रिव्ह्यूमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर परिच्छेदच्या परिच्छेद असतात आणि रॅमच्या वाट्याला एक ओळ येते. म्हणून इथे उलटं करतेय.

माझं काम म्हणजे लोकांचे जुने अल्बम स्कॅन करून फोटो दुरुस्त करणं. ए४ पान, ६०० डीपीआय, १६ बिट रंग, म्हणजे एकेक टिफ फाइल जवळजवळ २०० एमबीची. त्यावर चार-पाच लेयर चढले की १६ जीबी रॅम अपुरीच पडते. म्हणून २०२५ च्या गणपतीच्या आधी पुण्यात कोथरूडच्या घरी स्वतः पीसी जोडला. मुख्य पार्ट शहरातल्याच एका दुकानातून आणले, केबल आणि पेनड्राइव्ह वगैरे किरकोळ सामान तपकीर गल्लीतून.

पहिल्यांदा बटण दाबल्यावर काय होतं ते जोडणाऱ्याला आधी माहीत असायला हवं. पंखे फिरतात, मदरबोर्डवरचा डीरॅमचा, म्हणजे रॅमचा, छोटा दिवा पेटतो आणि स्क्रीन काळीच राहते. बराच वेळ. एएम५ वर (या प्रोसेसरचं सॉकेट) डीडीआर५ पहिल्यांदा लावली की मेमरी ट्रेनिंग चालतं, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातल्या प्रत्येक वाटेचा वेग आणि वेळ जुळवला जातो. याला काही मिनिटं लागू शकतात. बायोस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं किंवा सीमॉस क्लिअर केलं, म्हणजे बायोसच्या सेटिंग पुसल्या, की पुन्हा तेच. या वेळात घाबरून बटण दाबून बंद करू नका. आणि स्टिक दोनच असतील तर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायच्या. मॅन्युअलमध्ये त्यांना ए२ आणि बी२ म्हणतात.

पहिले काही दिवस छान गेले. बायोसमध्ये एक्स्पो ही रॅमच्या वेगाची सेटिंग चालू केली की स्टिक आपल्या ६००० च्या प्रोफाइलवर धावते, नाहीतर ४८०० वरच राहते. मग एकेक तक्रार सुरू झाली. ब्राउझरचा टॅब आपोआप बंद. मोठी झिप उघडताना सीआरसी एरर (फाइल बिघडल्याचा इशारा), आणि तीच झिप पुन्हा उघडली की व्यवस्थित. अधूनमधून निळी स्क्रीन, त्यावर एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा पेज फॉल्ट, एकदा ग्राफिक्स ड्रायव्हरचं नाव. दर वेळी कारण वेगळं दिसत असेल तर संशय रॅमवर घ्या, हे मी आता ठामपणे सांगते. ड्रायव्हर खराब असेल तर तो बहुतेक वेळा एकाच प्रकारे त्रास देतो. खराब रॅममध्ये त्या क्षणी कोणाचा डेटा त्या जागी पडला होता त्यावर लक्षण ठरतं.

पण माझ्या पोटात गोळा आला तो एका जेपीईजीमुळे. नऊवारीतल्या एका आजींचा फोटो. खांद्यापर्यंत स्वच्छ, आणि तिथून खाली सगळं चित्र डावीकडे सरकलेलं, कातडीवर हिरवट-गुलाबी छटा. मूळ स्कॅन नीट होता. सेव्ह होताना किंवा कॉपी होताना मध्येच कुठेतरी एखादा बिट उलटला होता. जेपीईजीमध्ये असं झालं की पुढचं चित्र बिघडतं, म्हणून ते दिसलं तरी. बिनकॉम्प्रेस केलेल्या टिफमध्ये तोच बिट उलटला तर एखाद्या पिक्सेलचा रंग बदलेल आणि कोणाला कळणारही नाही. मग आधीच्या दिवसांत सेव्ह केलेल्या बाकीच्या फायलींवर विश्वास ठेवायचा तरी कसा? पीसी हँग होणं परवडतं, रीस्टार्ट केलं की काम पुढे सुरू. एखाद्याच्या घरातला एकुलता एक फोटो गुपचूप बिघडणं परवडत नाही.

दुकानात विचारलं तर उत्तर आलं, "ताई, एक्स्पो बंद ठेवा, चालून जाईल." ओळखीतल्या एका काकांनी स्टिक काढून खोडरबराने घासायला सांगितलं. जुन्या मशीनमध्ये संपर्काच्या पट्ट्या काळवंडलेल्या असतात, तिथे तो उपाय लागू पडतो. नव्या कोऱ्या स्टिकवर त्याचा उपयोग नाही. तिसरा सल्ला असा की डीडीआर५ मध्ये ईसीसी (चुका आपोआप दुरुस्त करणारी सोय) असतं, त्यामुळे चूक होऊच शकत नाही. हा गैरसमज फार पसरलाय. डीडीआर५ मधलं ईसीसी चिपच्या आतलं आहे. १२८ बिट डेटामागे ८ जादा बिट ठेवून ते चिपमधली एका बिटाची चूक दुरुस्त करतं. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर त्याचं संरक्षण नाही, आणि चूक झाली तरी विंडोजला ते काही कळवत नाही. सर्व्हरमधलं ईसीसी वेगळं, त्याच्या स्टिकही वेगळ्या.

विंडोजची स्वतःची मेमरी टेस्ट मी चालवली, तिला काहीही सापडलं नाही. म्हणून पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ प्लस घेतलं. ते मोफत आहे, आणि विंडोज सुरू न होताच चालतं, त्यामुळे जवळजवळ सगळी रॅम तपासता येते. रात्री लावून झोपायचं. दिवसभराची टेस्ट मात्र मी गुरुवारी लावायची टाळली, त्या दिवशी इथे देखभालीसाठी लाईट गेली तर सगळं पाण्यात. सकाळी स्क्रीनवर लाल ओळी होत्या. हव्या असलेल्या आकड्यात आणि मिळालेल्या आकड्यात दर वेळी एकाच बिटाचा फरक, आणि तो बिटही तोच.

यापुढची पायरी बरेच जण गाळतात, आणि खरं उत्तर तिथेच असतं. एक्स्पो बंद केलं, ४८०० वर पुन्हा टेस्ट लावली. चुका कमी झाल्या, संपल्या नाहीत. म्हणजे प्रश्न नुसत्या ओव्हरक्लॉकचा, हमीपेक्षा जास्त वेगाने चालवण्याचा, नव्हता. (एएमडी रायझन ७००० मालिकेसाठी दोन स्टिकवर ५२०० चीच हमी देते, त्यामुळे ६००० म्हणजे एका अर्थी ओव्हरक्लॉकच. फक्त ६००० वर चुका आल्या तर स्टिक खराबच असं म्हणता येत नाही.) मग एकच स्टिक ए२ मध्ये ठेवून टेस्ट. ती स्वच्छ निघाली. तिच्या जागी दुसरी ठेवली तर लाल ओळी. तीच दुसरी स्टिक बी२ मध्ये नेली, तरी लाल ओळी. चूक स्टिकबरोबर फिरली, म्हणजे स्टिकच खराब. चूक स्लॉटला चिकटून राहिली असती तर मदरबोर्ड, सॉकेटमधली वाकलेली पिन किंवा प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर बघावा लागला असता. एएम५ मध्ये पिना सॉकेटमध्ये असतात, त्यामुळे तिथे टॉर्च मारून पाहायचं.

प्रत्येक टेस्टचा फोटो मोबाइलवर काढला होता आणि त्यात स्टिकवरचं लेबलही येईल असं पाहिलं होतं. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर "आमच्याकडे तर चालतेय" हे वाक्य त्या फोटोंमुळे फार टिकलं नाही. दोन्ही स्टिक एकत्र द्याव्या लागल्या, कारण त्या किट म्हणून विकल्या जातात. बदली किट दिवाळीच्या आधी हातात आलं. थोडक्यात वाचले, कारण २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे भडकले की तेच किट नव्याने विकत घेणं जड गेलं असतं. मेमरीच्या कंपन्यांनी आपलं उत्पादन एआयच्या डेटा सेंटरकडे वळवलं, त्याचा हा फटका. बिल, खोका आणि सीरियल नंबर जपून ठेवा.

नवीन किट आधी रात्रभर टेस्ट केलं आणि मगच विंडोज नव्याने टाकलं. खराब रॅमवर टाकलेल्या विंडोजच्या फायलीही बिघडलेल्या असू शकतात, मग रॅम बदलूनही क्रॅश चालूच राहतात आणि माणूस चक्रावतो. त्या काळात सेव्ह केलेले सगळे फोटो मी मूळ प्रिंटवरून पुन्हा स्कॅन केले. सुदैवाने अल्बम अजून परत दिलेले नव्हते. आता कोणताही फोल्डर बाहेरच्या डिस्कवर गेला की दोन्हीकडच्या फायलींचा हॅश (फाइलच्या डेटावरून काढलेला ओळखीचा आकडा) जुळवते. जरा वेळ जातो, पण मन शांत राहतं.

दिवाळीनंतर ६००० वर एकही निळी स्क्रीन नाही. खरी परीक्षा मे महिन्यात होती. दुपारी खोलीच एवढी तापते की कॅबिनेटला हात लावला तर गरम लागतं. डीडीआर५ स्टिकमध्ये तापमानाचा सेन्सर असतो, एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये तो आकडा दिसतो. ग्राफिक्स कार्ड कामाला लागलं की त्याची गरम हवा सरळ रॅमवर येते आणि आकडा पन्नाशीच्या वर जातो. पुढच्या बाजूला एक पंखा वाढवल्यावर तो खाली आला. भर दुपारी ओसीसीटी या प्रोग्रामची मेमरी टेस्ट मुद्दाम लावली, तीही स्वच्छ गेली. थंड रात्री पास होणारी रॅम उन्हाळ्यात पास होईलच असं नाही, तेव्हा ही टेस्ट वर्षातून एकदा उन्हाळ्यात कराच.

नाराजी एकच, बूट व्हायला वेळ लागायचा. बायोसमधलं मेमरी काँटेक्स्ट रिस्टोअर चालू केल्यावर जुनं ट्रेनिंगच वापरलं जातं आणि स्क्रीन पटकन येते. माझ्याकडे ते त्रास न देता चालतंय. कुणाकडे त्यामुळे क्रॅश व्हायला लागले तर आधी तेच बंद करून पाहावं.

रिकामे दोन स्लॉट पाहून आणखी दोन स्टिक लावायचा मोह मलाही होतोय. पण रायझन ७००० मालिकेत चार स्टिक लावल्या की एएमडीची हमी ३६०० वर उतरते. ६४ जीबी लागलीच तर हे किट विकून ३२-३२ चं घेईन.