स्क्वॉट अडकलाय: आधी मांड्या वाढवायच्या की पाठ?

जळगाव-धुळ्याकडच्या जिममध्ये कुणाचा स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बसून उठणं) अडकला, वजन वाढेना, की सल्ला ठरलेला: "भाऊ, पाठ कच्ची आहे, पाठ मार." मला तो बहुतेक वेळा चुकीचा वाटतो. पॉवरलिफ्टिंगच्या ७४ किलो गटात खेळणाऱ्याला वाटेल तिथे मांस चढवून चालत नाही, वाढलेला किलो कामाच्या जागीच हवा.

आधी मोबाइल बाजूला कमरेच्या उंचीवर ठेवा आणि जड सेटचा व्हिडिओ काढा. खालून उठताना हिप झपकन वर गेले, छाती मागे राहिली, बार पंजाकडे सरकला, तर पाठ हरल्यासारखी दिसते. पण बहुधा गुडघा सरळ करणारे मांडीचे पुढचे स्नायू कमी पडलेले असतात, म्हणून शरीर ओझं हिप आणि पाठीवर ढकलतं. डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) वजनात स्क्वॉटच्या बराच पुढे असेल तर संशय पक्का. छाती आणि हिप सोबत उठतात, पण वरची पाठ गोल होते, डेडलिफ्टलाही तेच होतं? मग खरंच पाठ.

मांड्यांसाठी हाय-बार स्क्वॉट (बार मानेलगत उंच ठेवून), लेग प्रेस (मशिनवर पायांनी वजन ढकलणं), बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट (मागचा पाय बाकावर ठेवून एका पायावर बैठक). तालुक्याच्या जिममध्ये लेग प्रेस नसला तरी बाक आणि डंबेल असतातच. एका सेटला ८ ते १२ रेप (आवर्तनं), आणखी एक-दोन निघतील एवढा जोर शिल्लक ठेवून, आठवड्याला दहा-बारा सेट. या व्यायामांत कंबर फारशी थकत नाही, त्यामुळे डेडलिफ्टचा दिवस वाया जात नाही. माझा कौल इथेच झुकतो. तालमीतली पोरं दोनशे बैठकांचा हवाला देतात. त्यांनी दम वाढतो, जड बारसाठी लागणारी ताकद फारशी नाही.

पाठीसाठी रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून बार पायांलगत खाली-वर), गुड मॉर्निंग (खांद्यावर बार घेऊन पुढे वाकून उठणं), बारबेल रो (वाकून बार पोटाकडे ओढणं). डेडलिफ्टला थेट फायदा, पण कंबर दोन-दोन दिवस आखडते. म्हणून सेट निम्मेच ठेवा.

खाणं दोन्हीकडे सारखंच: वजनाच्या किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ७४ किलोला ११८ ग्रॅम. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, तरी भरीत-भाकरीवर एवढं भागत नाही. अंडी, दूध, सोयाबीनच्या वड्या लागतातच.

दोन्हीपैकी काहीही निवडा, आठ ते बारा आठवडे द्या आणि नंतर ३ ते ५ रेपच्या जड सेटांकडे परता. स्पर्धा महिन्यावर आली असेल तर यातलं काहीच नवीन सुरू करू नका. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा जादा सेट पहाटेच उरका.