गाठ सोडून क्लॅम्प घेतला आणि फसलो

परांचीच्या धंद्यात असलेल्या प्रत्येकाने हे वाचावं, आणि इमारतीचं काम काढलेल्या सोसायटीच्या कमिटीनेही. माझे 84 हजार गेले ते गेले. पण चौथ्या मजल्यावरून पाइप जिथे आपटला, तिथे थोड्या वेळापूर्वी माझी दोन पोरं बसून कपलरना, म्हणजे पाइप एकमेकांना जोडायच्या लोखंडी पकडींना, ऑइल लावत होती. जेवायला उठली म्हणून वाचली.

गेल्या वर्षी पाऊस सरला तेव्हा डोंबिवलीत सात मजली सोसायटीच्या रिपेरिंग-रंगाचं काम हातात होतं. पाइप चढवायचा आमचा प्रकार जुनाच आहे, वर कप्पी आणि तिच्यातून दोर. सहा मीटरचा चार मिलिमीटर जाडीचा पाइप 26 किलोच्या आसपास भरतो. तात्या, म्हणजे आमचे मुकादम, पाइपच्या मध्याखाली दोन वेढे आवळून गाठ मारतात आणि वरच्या टोकाच्या हातभर खाली एक साधा फास टाकतात. त्या फासाने पाइप उभा राहतो, कलत नाही. आणखी एक गोष्ट ते कधी चुकवत नाहीत. खालच्या गाठीच्या लगेच वर एक कपलर आवळतात. ओला पाइप गाठीतून खाली सरकला, तरी कपलर गाठीवर येऊन अडतो. नवीन पोरं हा कपलर गाठीच्या खाली लावतात, तिथे त्याचा काही उपयोग नाही.

एका सकाळी एक माणूस साइटवर आला. इस्त्रीचा शर्ट, हातात कॅटलॉग. म्हणाला, "गाठ मारून माल चढवणं आता कायद्याने बंद झालंय. तपासणी आली की काम थांबवतात." हे साफ खोटं होतं. उचलायचं साधन तपासलेलं असावं, जाणकाराकडून त्याची ठरलेल्या मुदतीत पाहणी व्हावी, असं कायदा म्हणतो. दोराच्या गाठीवर बंदी नाही. पण मी घाबरलो. त्याने पिशवीतून पाइप धरायचा क्लॅम्प काढला, वर कडी आणि कडीत जांभळा पट्टा. घडीव पोलाद, टेस्टेड, एक टन पेलतो, असं तो म्हणाला. प्रत्येक नगासोबत सर्टिफिकेट. सात हजाराला एक, असे बारा घेतले. 50 हजार यूपीआयने एका माणसाच्या खासगी खात्यात गेले, बाकीचे रोख.

तात्यांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला. "मालक, गाठीनं काय धरलंय ते मला दिसतं. ह्याच्या पोटात काय आहे ते कसं कळायचं?"

मी म्हणालो, "तात्या, सर्टिफिकेट आहे." तीस वर्षं दोर हाताळलेल्या माणसाला मी कागद दाखवला, ह्याची मला आजही लाज वाटते.

अकरा दिवस काम सुरळीत चाललं. बाराव्या दिवशी दुपारी पाइप वर जाताना एका आडव्या पाइपला ठोकरला, झटका बसला आणि क्लॅम्पचा कान तुटला. खाली बॅरिकेड होतं आणि माणूस नव्हता. फरशी फुटली, एवढ्यावर निभावलं.

तुटलेला तुकडा तात्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. आतून राखाडी, रवाळ, मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढी हवेची पोकळी. ते ओतीव बीड होतं, म्हणजे साच्यात ओतलेलं ठिसूळ लोखंड. घडीव पोलाद आधी वाकतं, ताणतं, इशारा देतं. बीड झटक्याने सरळ तुटतं. ओढायच्या, लोंबकळायच्या कामाला ते चालतच नाही.

मग पट्टा बघितला. जांभळा रंग एक टनाचा, हे बरोबर. लेबल निळं, म्हणजे पॉलिएस्टर. कापडी पट्ट्यावर लिहिलेल्या वजनाच्या सातपट ताकद त्यात असावी लागते, आणि फास घालून वापरला तर भार 80 टक्केच धरायचा. तात्यांनी वीतभर तुकडा कापून रंगाच्या रिकाम्या बादलीत पाणी भरून त्यात दाबला. हात काढला की तुकडा वर. पुन्हा दाबला, पुन्हा वर. पॉलिएस्टर बुडतं, नायलॉन बुडतं. तरंगतं ते पॉलिप्रॉपिलीन. उन्हात ते लवकर कुजतं. एका पाइपाला कदाचित ते पुरलं असतं, पण आम्ही त्याच पट्ट्याने दहा-दहा पाइपांचे गठ्ठे चढवायचं ठरवलं होतं.

त्या रात्री बाराही सर्टिफिकेटं टेबलावर मांडली. सगळ्यांवर नंबर एकच, 0047. पट्ट्यांच्या लेबलांवरही तोच. खऱ्या मालात प्रत्येक नगाचा नंबर वेगळा असतो आणि तो कागदावरच्या नंबराशी जुळतो. बिलावरचा जीएसटी नंबर 24 ने सुरू होत होता, म्हणजे गुजरातचा, आणि पत्ता मात्र भोसरीचा. महाराष्ट्राचा नंबर 27 ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर फुकट तपासता येतो. तपासला, तर रद्द झालेला निघाला. पैसे देण्याआधी दोन मिनिटं काढली असती तर!

नवीन साधनं वाईट असतात असं मी म्हणत नाही. आता चांगल्या दुकानातून घेतलेले घडीव शॅकल (पट्टा अडकवायच्या पिनवाल्या कड्या) आणि नंबर असलेले पट्टे आमच्याकडे आहेत, गठ्ठे त्यांनीच चढतात. सुटा पाइप मात्र तात्यांच्या गाठीनेच जातो. नवा पट्टा आला की आधी बादली.

ग्राहक आयोगात जायचं म्हटलं तर वकिलांनी अडचण सांगितली. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा सहसा लागत नाही, स्वतःच्या पोटापाण्याच्या रोजगारासाठी घेतला असेल तरच. नंबर रद्द झालेला, त्यामुळे ते बिल पक्कं धरलं नाही आणि पोलिसांतही आधी नुसता अर्जच घेतला. त्या माणसाचा फोन बंद आहे.

गेल्या आठवड्यात कल्याणला एका साइटवर तसेच जांभळे पट्टे लोंबकळताना दिसले. गाडी थांबवून आत गेलो आणि लेबल उलटून बघितलं. 0047. त्या कॉन्ट्रॅक्टरने त्याच दुपारी काम थांबवलं. आता आम्ही दोघं मिळून तक्रार देतोय. तुमच्याकडे असा पट्टा असेल तर तो वापरातून काढा, पण लेबल फाडू नका, क्लॅम्प भंगारात देऊ नका आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा.