चाळीस मिनिटांचं 'इलमॅटिक'

पार्सल उघडलं तर रेकॉर्डच्या कव्हरचा कोपरा दुमडलेला. विकणाऱ्याशी भांडायचं ठरवून सुई टेकवली आणि भांडण राहूनच गेलं. अमेरिकन रॅपर नॅसचा पहिला अल्बम 'इलमॅटिक', 1994. दहा ट्रॅक, चाळीस मिनिटांच्या आत खेळ खलास. पोरगा तेव्हा वीस वर्षांचा!

रॅपमागचं संगीत बांधणारे निर्माते मात्र पाच-सहा, बहुतेक न्यूयॉर्कचे मुरलेले गडी. मला भिडतो पीट रॉकचा 'द वर्ल्ड इज युअर्स'. जॅझ पियानोवादक अहमद जमालच्या पियानोचा एवढासा तुकडा उचलून तो घोळवत ठेवलाय, आणि धृपदाला आवाजही पीट रॉकचा स्वतःचाच. डीजे प्रीमियरचा 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड' नेमका उलटा. खर्जातले काळेकुट्ट पियानोचे सूर, पुन्हा पुन्हा तेच. रात्री हेडफोनवर ऐकलात तर झोप विसरा. 'वन लव्ह'मध्ये नॅसने जेलमधल्या मित्राला लिहिलेल्या पत्रांमागे निर्माता क्यू-टिपने हीथ ब्रदर्सचं जॅझ ठेवलंय, तेही झकास. 'वन टाइम फॉर युअर माइंड' तेवढा मला जरा पाणचट वाटतो.

'लाइफ्स अ बिच' संपताना ट्रम्पेटसारखं कॉर्नेट वाजतं ना, ते नॅसच्या वडिलांचं, ओलू दारांचं. आमच्या घरी वडिलांनी आधी विचारलं असतं, "यात पोट भरेल का?"

कोपऱ्याला सेलोटेप लावलाय.