पिकअप उचलायची, पण कशानं? स्पेसर, टॉर्शन बार, पाटा, शॅकल की ठोकळा

मुळशी-वेल्ह्याकडे शेत आणि दारात टू-व्हील-ड्राइव्ह पिकअप, अशा माणसाला जूनमध्ये एकदा तरी वाटतंच की गाडी दोन इंच उचलावी. उचला, पण आधी गोणपाट टाकून गाडीखाली आडवे व्हा आणि नेमकं काय घासतंय ते बघा. ताजे ओरखडे डिफरन्शियलच्या गोळ्यावर (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीवर) असतील तर सस्पेन्शनवर पैसे घालवू नका. गोळा ॲक्सलमध्येच आहे आणि ॲक्सल चाकांवर. वरची बॉडी कितीही चढवा, गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. तो वर जातो फक्त टायरनं. २१५/७५ आर १५ काढून २३५/७५ आर १५ घातला तर व्यास ३० मिलिमीटरनं वाढतो, म्हणजे गोळा उचलला जातो १५ मिलिमीटर. वर स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८३ नं पळत असते.

ओरखडे बंपरखाली, फूटबोर्डवर किंवा चेसिसच्या मधल्या भागावर असतील, तर सस्पेन्शन उचलण्यात अर्थ आहे.

आधी पुढची बाजू. आपल्या गाडीत पुढच्या चाकांना ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे इंजिनचा जोर चाकाला देणारा दांडा, नाही, त्यामुळे फोर-बाय-फोरवाल्यांना असते ती सीव्ही जॉइंट (त्या दांड्याचा वळता सांधा) तुटण्याची काळजी आपल्याला नाही. इसुझू डी-मॅक्ससारख्या गाडीत पुढे डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) आणि कॉइल स्प्रिंग असते. तिथे दोन मार्ग. स्पेसर स्वस्त पडतो. शॉकअपच्या माथ्यावर चकती बसते आणि मूळ स्प्रिंग तशीच राहते. पण शॉकअप खालच्या आर्मच्या मध्यावर कुठेतरी टेकलेला असतो, म्हणून एक इंचाची चकती चाकापाशी जवळजवळ दोन इंचांचा फरक पाडते. हे न कळल्यामुळे "दोन इंच हवंय ना, मग दोन इंची स्पेसर द्या" असं सांगून लोक बॉल जॉइंटची, म्हणजे आर्मच्या टोकाच्या फिरत्या सांध्याची, वाट लावून घेतात. दुसरा मार्ग थोड्या लांब स्प्रिंगचा, सोबत तिला जुळणारे शॉकअप. खर्च बराच जास्त, पण चाकाला खाली जायला जागा उरते आणि खड्ड्यातून बाहेर येताना "टक्" असा आवाज येत नाही.

टाटा झेनॉनसारखी टॉर्शन बारवाली (स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा पोलादी दांडा असलेली) गाडी असेल तर काम फुकटात होतं, पाना लावून बोल्ट आवळला की झालं. मोह तिथेच होतो. एक इंचाच्या पुढे गेलात की वरचा आर्म स्टॉपरला टेकायला लागतो आणि स्पीडब्रेकरवर गाडी घोड्यासारखी उडते. पुण्यात स्पीडब्रेकर किती आहेत हे वेगळं सांगायला नको.

तिसरा मार्ग अमेरिकेतल्या टू-व्हील-ड्राइव्ह ट्रकवाल्यांचा. नकल म्हणजे आर्म आणि चाक जोडणारा तुकडा, आणि स्टब ॲक्सल म्हणजे त्यावरचा चाक बसतो तो खुंट. हा खुंट मूळ जागेपेक्षा खाली असलेला नवा नकल बसवायचा; आर्मचे कोन कंपनीनं दिले तसेच राहतात. कागदावर हाच सगळ्यात नेटका. पण आपल्या गाड्यांसाठी तयार नकल मी नाना पेठेतल्या एकाही काउंटरवर पाहिलेला नाही. कुणी मूळ नकल कापून वेल्डिंग करून देतो म्हणाला तर चहा पिऊन निघून या. बॉडी लिफ्टनं, म्हणजे चेसिसवरून नुसती बॉडी उचलून, चेसिस जागची हलत नाही, तेव्हा तोही विषय सोडा.

आता मागची बाजू. माल इथे बसतो, आणि चुकाही इथेच होतात.

ठोकळा म्हणजे ॲक्सल आणि पाट्यांच्या (कमानीसारख्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) मध्ये घातलेला लोखंडी गट्टू. पाटे ॲक्सलच्या वर असतील तर हा सगळ्यात झटपट उपाय, आणि रिकाम्या गाडीची चालही बदलत नाही. पण चढावर पहिल्या गिअरमध्ये जोर लावला की ॲक्सल पिळतो आणि गट्टू त्या पिळाला लांब दांडा देतो. ठोकळ्यावर ठोकळा कधीच नको, आणि पुढेही पाटे असतील तर पुढच्या ॲक्सलला ठोकळा अजिबात नको. पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवेच घ्या, जुने ताणलेले असतात. शॅकल म्हणजे पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारी हलती पट्टी. लांब शॅकलचा हिशेब निम्म्याचा: शॅकल दोन इंच वाढला की गाडी एक इंच उचलली जाते, शिवाय प्रॉपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन बदलून त्याचं मधलं सेंटर बेअरिंग गुणगुणायला लागतं.

माझा कौल जादा पाट्याला. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत पाटेवाल्याकडे उभं राहून बघा. तो सेंटर बोल्ट सोडतो, पाटे पत्त्यांसारखे मांडतो, नव्या पाट्याची कमान जुन्याशी बोटानं ताडून बघतो आणि मग घणाचे मोजके ठोके घालतो. इंच-सव्वा इंच मिळतो. रिकामी गाडी कडक लागेल, पण टोमॅटोचे क्रेट भरले की ती बसत नाही. जुनेच पाटे भट्टीत तापवून कमान चढवून देतो म्हणाला तर नको म्हणा. तापवल्यानं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलेला पाटा वर्षभरात पुन्हा सपाट होतो.

मला धडा मिळाला तो ब्रेकचा. एका गॅरेजनं माझ्या गाडीला मागे ठोकळे घातले आणि लोड सेन्सिंग व्हॉल्व्हच्या रॉडला हातही लावला नाही. तो रॉड ॲक्सल आणि बॉडीतलं अंतर मोजून मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. बॉडी वर गेली की व्हॉल्व्हला वाटतं, गाडी रिकामी आहे. भरलेली गाडी घेऊन जुन्या कात्रज घाटातून मार्केट यार्डाकडे उतरत होतो. वळणावर ब्रेक दाबला तर पुढची चाकं जाम, आणि मागची ढकलतायत. गाडी कठड्याच्या अलीकडे थांबली, एवढंच.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मालवाहू पिकअपची फिटनेस तपासणी करावीच लागते, तेव्हा पाना लावण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीला विचारून घ्या.

मंजुरी मिळत असेल आणि गाडी माल वाहत असेल, तर पुढे इंचभर लांब स्प्रिंग, मागे एक जादा पाटा, बस. गाडी बहुतेक रिकामीच फिरत असेल तर पुढे पातळ स्पेसर पुरे, मागे काहीच नको. पिकअपचं ढुंगण मुळात वरच असतं. काम झाल्यावर त्याच दिवशी अलाइनमेंट करा, व्हॉल्व्हचा रॉड आणि हेडलाइट जुळवा, ब्रेकचा होज ताणलाय का ते चाक लोंबतं ठेवून तपासा. आणि पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा. माझे पाऊण फेरा फिरले होते.